सिक लाइनवरचा डबा

आमच्या आबांच्या तोंडून ‘बराबर’ हा एक शब्द निघावा म्हणून मी पावणेदोन वर्षं पुठ्ठा कापला. ऐकणाऱ्याला हे खूळ वाटेल. मलाही मधूनमधून वाटायचं, आणि ज्या रविवारी ब्लेड बोटात जायचं त्या रविवारी तर खात्रीच पटायची.

आबा म्हणजे माझे वडील. ते रेल्वेत होते, पण इंजिनात नव्हते आणि तिकिटावरही नव्हते. गाडी हिंगोलीच्या फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते तिच्या कडेकडेनं चालायचे आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचे. आवाज खणखणीत आला की म्हणायचे ‘बराबर’, आणि पुढचं चाक. आवाज बद्द आला की तिथंच उकिडवे बसायचे. चाकाला तडा असेल तर तो डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळतो, असं त्यांचं म्हणणं. पंगतीत वाढलेल्या ताटावरसुद्धा ते नखानं टिचकी मारायचे, सवयीनं.

डबा धड निघाला की ते त्यावर खडूनं एक उभी रेघ ओढायचे. खोट निघाली तर फुली. फुलीचा डबा गाडीतून तोडून आमच्या क्वार्टरांच्या मागच्या रुळावर नेऊन ठेवत. त्या रुळाला सगळे सिक लाइन म्हणायचे, म्हणजे आजारी डब्यांची जागा. तिथं दुरुस्ती व्हायची, आबा पुन्हा आठही चाकं ठोकायचे, फुली पुसून रेघ मारायचे, आणि डबा येईल त्या गाडीला जोडून निघून जायचा.

आम्हा क्वार्टरातल्या पोरींना सिक लाइनवर डबा आला की सण वाटायचा. लाल डबा, लाकडी बाकं, खिडक्यांना आडवे गज. भातुकली तिथंच, बाहुलीचं लग्नही तिथंच. एकदा आमची वऱ्हाडी मंडळी डब्यात जमली, दुसऱ्या दिवशीचा मुहूर्तही ठरला, आणि त्याच संध्याकाळी दुरुस्ती संपली. मी आबांच्या हाताला लोंबकळले. म्हटलं, आबा, उद्याच्या दिवस राहू द्या, फुली तशीच ठेवा, कुणाला कळतंय? ते थांबले आणि मला म्हणाले, “धड डब्याला सिक म्हनायचं व्हय? ती चोरी झाली, बाई.” त्यांनी माझ्यासमोर फुली पुसली आणि रेघ मारली. सकाळी रूळ रिकामा होता. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, निदान मला तसं वाटलं.

पुढं आमच्या मार्गावरची ती अरुंद मीटरगेज लाइन उखडली आणि रुंद रूळ आले. आबा त्याच सुमाराला निवृत्त झाले आणि कुरुंद्याला, आमच्या मूळ गावी, माझ्या भाऊ-वहिनीकडे राहायला गेले. मी लग्न होऊन हिंगोलीतच राहिले. तहसीलजवळ माझं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, शाळेचे फॉर्म, आणि लग्नसराईत पत्रिका. हिंगोलीहून औंढा, शिरड शहापूर करत कुरुंद्याच्या पाटीवर उतरायला फार तर दोन तास लागतात. ते दोन तास मी वर्षातून दोनदा काढायची, दिवाळीला आणि पंचमीला. बाकी फोन होताच. फोनवर आबा ‘हां’ आणि ‘ठेव’ याशिवाय काही बोलत नसत. मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे जाऊ लागले. नांदेडच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नाही, आहे ती कडेकडेनं आवळत जाईल आणि शेवटी मिटेल. आबांना समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. मी भेटायला गेले तेव्हा ते ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. धीर द्यायचा म्हणून मी विचारलं, आबा, नजर आहे तोवर काय बघायचंय तुम्हाला? मला वाटलं, औंढ्याच्या नागनाथाला न्या म्हणतील, नाहीतर भावाच्या मुलीचं लग्न म्हणतील.

“मीटरगेजचा लाल डबा,” ते म्हणाले. “एक डाव बघितला असता.”

आता तो कुठून आणायचा? ते डबे कधीच भंगारात गेले. मी हिंगोलीला परत आले ती तोंड वाकडं करूनच. पण दुकानात बसल्या बसल्या मोबाइलवर शोधता शोधता मला कागदाच्या आगगाड्या सापडल्या. परदेशातली मंडळी डब्यांच्या भिंती, टप, दारं सगळं कागदावर छापतात, कापतात, घडी घालतात आणि चिकटवतात. माझ्याकडे प्रिंटर होता, पुठ्ठा होता, हात पत्रिकांच्या घड्या घालून तयार झालेला होता. मी एक तयार नमुना छापला, दोन दिवसांत जोडला, साडीच्या खोक्यात घातला आणि त्याच रविवारी कुरुंद्याला नेला. तोंडभर कौतुक होणार याची मनात तयारी करून.

आबांनी डबा डोळ्यांसमोर धरला आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवला. नळीतून जेवढं दिसेल तेवढं पाहायचं, मग पुढचं.

“ह्यो कुनाचा डबा?”

“असंच, बाहेरच्या देशातला आहे.”

“ह्येला दोन बफर हायेत. मीटरगेजला बफर येकच, मधोमध. शाळेत होतीस तवा रोज बघत व्हतीस की. काहून इसरलीस?”

बफर म्हणजे दोन डब्यांच्या मध्ये धक्का झेलायला असतो तो लोखंडी गोल. मी खरंच विसरले होते. मला राग आला, त्यांचा थोडा आणि माझा जास्त. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की आपला डबा आपणच काढायचा, आणि आबांची नजर मिटायच्या आत त्यावर त्यांची उभी रेघ घ्यायची. त्याशिवाय सोडायचं नाही.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी वधू-वरांची नावं मांडते त्यातच डबा आखला. पुठ्ठा कुठला, तर चुकून जास्त छापलेल्या पत्रिकांचा. कोपऱ्यातल्या गणपतीवर कात्री चालवायची नाही, म्हणून आधी सगळे गणपती अलगद काढून देवघरात ठेवले. नवरा म्हणाला, देवांना एवढी गर्दी सोसेल का बघ. पत्रिकेची छापील बाजू डब्याच्या आत गेली. त्यामुळे आमच्या डब्याच्या खिडकीतून आत डोकावलं की ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढं वाचता येतं. बाहुलीचं अडलेलं लग्न शेवटी असं लागलं म्हणायचं.

तेव्हापासून माझे रविवार कुरुंद्याला गेले. सकाळची बस, मांडीवर साडीचं खोकं, दुपारी आबांची तपासणी, संध्याकाळी परत. आणि दर रविवारी एक खोट. एकच, जास्त नाही. पायऱ्या दोन हव्यात, तू एकच लावलीस. पुढच्या वेळी पायऱ्या लावून नेल्या तर टपावरचे वारा यायचे डोंबे कमी पडले. डोंबे लावले तर संडासाच्या खिडकीची काच धुरकट हवी होती. मी म्हणायची, आबा, हे सगळं एकदमच सांगा ना, माझ्या खेपा वाचतील. ते म्हणायचे, “दिसंल तसं सांगतो. आता दिसतंय कुठं समदं?” मी डबा खोक्यात भरायची आणि वहिनी पदराआड हसायची.

माझी सगळ्यात मोठी फजिती मात्र माझ्याच धंद्यानं केली. पत्रिकेची वेलबुट्टी काढताना आम्ही एकच बाजू काढतो आणि दुसरी आरशात दिसते तशी उलटवून ठेवतो. अर्धं काम वाचतं. डब्याचंही मी तसंच केलं. एक बाजू मन लावून काढली आणि उलटवली. आबांनी पहिली बाजू तपासली, दुसरी तपासली, आणि नळीतली नजर एका जागी थांबली.

“बाई, ह्या अंगाचा नंबर उलटा पळून राहिला.”

दुसऱ्यांच्या पत्रिकांतला ऱ्हस्व-दीर्घ पकडणारी मी, आणि आंधळं होत चाललेल्या माणसानं माझी चूक धरली. वहिनी हसता हसता खाली बसली. आबाही हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना असं हसताना आधी कधी पाहिलं होतं ते आठवेना.

मग हळदीचे दिवस आले. कुरुंद्यात घरोघर हळद शिजत होती, खळी पिवळी झाली होती, बसमधून उतरलं की वासानं डोकं जड व्हायचं. डब्याला रंग अजून दिला नव्हता. दुकानात मिळणारा लाल आबांना पसंत पडत नव्हता. हा शेंदरी आहे, तो मांसासारखा आहे, आपला डबा विटकरी होता. त्या रविवारी माझी गोंदाची बाटली हिंगोलीलाच राहिली आणि टप तर निघालेला. वहिनी म्हणाली, “थांबा, म्या खळ शिजवून देते,” आणि कणकेची खळ घेऊन आली. मी घाईघाईत सगळीकडे फासली, बाहेरच्या भिंतींवरही एक हात दिला, कागद कडक व्हावा म्हणून. फासता फासता लक्षात आलं की खळ पिवळीजर्द आहे.

“वहिनी, यात काय घातलंत?”

“हळद. चिमटीभर टाकावं लागतं. न्हाईतर कीड लागते की.”

चिमटीभर म्हणजे आमच्या भागातली चिमूट, मूठभरच ती. माझा पांढरा डबा हळद लागलेल्या नवरीसारखा दिसू लागला. दीड वर्षाचं काम! मी वहिनीवर ओरडले. नको ते बोलले. ती बिचारी चुलीपाशी जाऊन उभी राहिली. ओरडून झाल्यावर मला रडू आलं, कारण मला वेळ मोजता येत होता. नवीन भिंती काढायच्या, कापायच्या, खिडकीचा एकेक गज कोरायचा, म्हणजे किमान दोन महिने. आबांच्या नजरेला तेवढा धीर आहे की नाही कुणास ठाऊक.

“आन हिकडं,” आबा म्हणाले. ते तंबाखू मळत होते, अंगठ्याला चुना तसाच होता. त्यांनी ओला डबा हातात घेतला, अंगठ्यानं भिंत चाचपली आणि डोळ्यांसमोर धरला. मग अंगठा लागला ती जागा पुन्हा डोळ्यांजवळ नेली. मी जवळ जाऊन पाहिलं. जिथं त्यांचा अंगठा लागला होता तिथं पिवळं जाऊन लाल उमटलं होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आमच्याकडे लेकराला ठाऊक असतं, पण माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

“ह्योच,” आबा म्हणाले. “ह्योच रंग. बाई, चुना आन अजून.”

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून डबा रंगवला. वहिनीनं हळदीचं पाणी केलं, मी ते कापसानं लावायची, आणि आबा डबीतला चुना बोटावर घेऊन त्यावरून फिरवायचे, एकेका खिडकीच्या कडेनं. वाळल्यावर रंग थोडा काळपट, विटकरी झाला, उन्हात उभ्या असलेल्या जुन्या डब्याचा होता तसा. मी वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, “राहू द्या, आता समद्या गाड्यांना म्याच खळ पुरवते.” आबांनी डबा गुडघ्यावर ठेवला होता आणि तो सोडायला ते तयार नव्हते. मला वाटलं, आज रेघ मिळणार. पण ते म्हणाले, चाकं कागदाची आहेत, वाजत नाहीत. ठोका मारायचा कसा?

मी पुढचे दोन महिने चाकांच्या मागे लागले. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वॉशर आणले, आठ. मोडक्या छत्रीच्या काड्या कापून त्यांचे आस केले. वॉशर काडीवर घट्ट बसवले आणि टेबलावर ढकलून पाहिलं. डबा घरंगळत गेला, खडखड करत. दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, ताई, माझा फॉर्म राहिला. मी म्हटलं, थांबा जरा, गाडी सुटतीये.

हळद फार दिवस टिकत नाही. खिडकीतलं ऊन ज्या बाजूला लागायचं तिकडचा रंग फिका पडला. पुढच्या रविवारी जायच्या आधी मी ती बाजू पुन्हा हळद आणि चुना लावून ताजी केली. आबांनी डबा हातात घेतला, डोळ्यांसमोर धरला, सरकवला आणि म्हणाले, “ह्या बाजूनं रंग उडाला की.” ती रंगवलेलीच बाजू होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते डब्याकडे पाहत नव्हते. नजर डब्याच्या वर कुठंतरी होती, वहिनीच्या तुळशीकडे असेल. मी डबा हळूच बाजूला घेतला तरी डोळे हलले नाहीत.

मी उठले. मागच्या दारी गेले आणि तोंडावर पाणी मारलं. पावणेदोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की नजर आहे तोवर डबा पुरा करायचा. नजर कधी मिटली ते मला कळलंही नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. वहिनीला विचारलं तर म्हणाली, महिना झाला असंल, पण त्यांनी मला शपथ घातली होती, तुमाला सांगायचं न्हाई म्हणून. पुढं म्हणाली, “ऐतवारी सकाळपासून टोपी घालून वट्यावर बसतेत. बस आली का, बस आली का, चालूच असतंय.”

मी आत आले. म्हटलं, आबा, आज शेवटची तपासणी. आज निकाल द्यायचा. माझा आवाज चढला होता, तो मला आवरला नाही. ते म्हणाले, “बरं. ठिव खाली.”

मी डबा फरशीवर ठेवला. आबा उकिडवे बसले, वयाला न शोभेल इतक्या सहज. बोटांनी त्यांनी डबा सगळा चाचपला. मधला बफर, दोन पायऱ्या, टपावरचे डोंबे मोजले, गज मोजले, दारावरचा मुठीचा दांडा शोधला. मग चुन्याची डबी घेतली आणि पहिल्या वॉशरवर हलका ठोका मारला. कान खाली नेला.

“बराबर.”

दुसरं चाक. “बराबर.” तिसरं. मी मनातल्या मनात मोजत होते. वहिनीही दारात येऊन उभी राहिली. आठव्या चाकावर ते थोडं थांबले, पुन्हा ठोकलं, आणि म्हणाले, “बराबर.”

मग हात पुढं केला. “खडू.”

भावाच्या मुलीच्या दप्तरातून वहिनीनं खडूचा तुकडा आणून दिला. आबांनी डाव्या हातानं भिंत शोधली, खिडक्यांच्या खालची मोकळी पट्टी, जिथं ते नेहमी खूण करायचे. उजव्या हातानं एक रेघ ओढली, तिरकी. मग त्या रेघेवरून दुसरी.

फुली.

आधी मला वाटलं, दिसत नाही म्हणून हात चुकला. म्हटलं, “आबा, ही फुली झाली.”

“फुलीच मारली म्या.”

“आठही चाकं बराबर म्हणालात ना तुम्ही? मग खोट काय आहे?”

ते डबा चाचपत राहिले. खडूची पूड त्यांनी धोतराला पुसली.

“हाय कायतरी. सापडंल. ऐतवारी बघू.”

“आबा, काही नाहीये. तुम्हालाही ठाऊक आहे. खरं सांगा.”

त्यांनी डबा मांडीवर ओढून घेतला. मग माझ्या दिशेनं, पण जरा बाजूलाच, तोंड करून म्हणाले, “रेघ मारली की डबा जातो, बाई.”

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले आणि रडले, लहानपणी त्या रिकाम्या रुळाकडे पाहून रडले होते तशी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला खडू होता, चुना होता. वहिनीनं चहा टाकला आणि बसच्या वेळेचा विषय कुणीच काढला नाही.

पुढच्या रविवारी मी काहीही दुरुस्त न करता डबा खोक्यात घातला आणि सकाळची बस धरली. पाटीवर उतरले, चालत घरी आले. आबा टोपी घालून ओट्यावर होते. डबा त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी आठही चाकं ठोकली, बफर चाचपला, आणि मग जरा अंदाज घेत विचारलं,

“फुली पुसली न्हाईस न्हवं?”

“नाही, आबा. आहे तशीच आहे.”

“बराबर,” ते म्हणाले.